छोट्या छेदातून एल४-एल५ फ्यूजन आणि 'बीएमपी' : इंदूरात कुणाला अनुभव आहे का?

अनुजा_रामबाग

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची. कंबर बरीच वर्षं दुखतेय, पण हल्ली उभं राहिलं की दोन्ही पिंढऱ्या भरून येतात. सराफ्यात खरेदीला निघाली तर दर दोन दुकानांमागे एखाद्या ओट्यावर बसते. बसलं की बरं वाटतं, पुन्हा निघालं की तेच. एल४ चा मणका (कमरेतला चौथा) एल५ वर (पाचव्यावर) थोडा पुढे सरकलाय (ग्रेड १ म्हणतात) आणि नसा दबल्यात. फिजिओथेरपी, गोळ्या, पाठीतलं इंजेक्शन, सगळं करून झालं.

सर्जन चांगले वाटले. छोट्या छेदातून, नळीतून ऑपरेशन करतात: एमआयएस-टीएलआयएफ. दोन मणक्यांमधली गादी काढून तिथे केज (छोटा पोकळ पिंजरा), वरून स्क्रू आणि रॉड, म्हणजे दोन मणके जोडून टाकायचे (फ्यूजन). दुसऱ्या दिवशी चालवतात म्हणे. एस्टिमेट हातात आलं तर त्यात 'बीएमपी' अशी वेगळी ओळ, आणि रक्कम जवळपास स्क्रू-रॉडइतकीच. विचारलं तर म्हणाले, "हाड लवकर जुळवणारं प्रोटीन आहे, त्यांच्या वयात लावलेलं बरं."

धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्याने रात्रभर नेटवर वाचून कॅन्सर, नसांत हाड वाढणं, खटले असं काय काय पाठवलं. बाबांचं म्हणणं, डॉक्टर सांगतात ते करायचं, पैशाकडे बघायचं नाही. घरात दोन तट पडलेत आणि आई मधे बसून वाटाणे सोलते आहे.

आईला डायबिटीस आहे, गोळ्यांवर. बाकी काही नाही. हे बीएमपी नक्की काय असतं, आणि त्याशिवाय चालतं का?

काकू_लोकमान्यनगर

अनुजा, ऑपरेशन शेवटचा उपाय ठेव गं. माझ्या नणंदेला हेच सांगितलेलं, ती डिंकाचे लाडू, तीळ आणि सकाळचं ऊन यावर आज मजेत चालते. हाड वाढवायचं तर पोटातून वाढवावं.

तात्या_नवलखा

काकू, लाडू मीही खाल्ले. वजन वाढलं, मणका होता तिथेच राहिला.

अनुजाताई, माझं हेच ऑपरेशन झालंय, हाच मणका, इंदूरातच. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, डॉक्टरांचंही नाही. हात त्यांचा सफाईदार होता, त्याबद्दल तक्रार नाही.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा पायातली जुनी कळ गायब. घरी आलो, लोक भेटायला येऊन गेले, मी सगळ्यांना सांगत सुटलो की घाबरू नका, करून टाका. आठवड्याभरात उजव्या ढुंगणापासून नडगीपर्यंत आग सुरू झाली. आधीच्या दुखण्यापेक्षा वाईट. आधीचं दुखणं बसल्यावर तरी थांबायचं, ही आग रात्रीसुद्धा थांबेना. पायावर चादर सहन होईना. पुन्हा एमआरआय केला, नस कुठे दबलेली नाही, स्क्रू जागेवर. इन्फेक्शनच्या शंकेने रक्त तपासलं, तेही ठीक. मग स्टेरॉइडचा छोटा कोर्स आणि नसेच्या गोळ्या दिल्या. बरेच आठवडे गेले, पण आग उतरली.

पुढे सीटी केला त्यात उजवीकडे नस बाहेर पडते त्या भोकात हाडाचा एक लहान कोंब दिसला. सध्या त्रास नाही, म्हणून हात लावलेला नाही.

मला खटकलं ते वेगळंच. बीएमपी लावलंय हे ऑपरेशनआधी कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावरही नाही. इन्शुरन्सची फाइल लावताना बिलात दिसलं. म्हणून सांगतो, लावा किंवा लावू नका, पण इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या: काय, किती, कुठे. पुढच्या डॉक्टरला त्याचीच गरज पडते.

पोहेजलेबी_भिया

तात्या, वाचूनच पाय दुखायला लागला. अनुजा, सरळ एम.वाय.ला (सरकारी हॉस्पिटलात) दाखव, नाहीतर मुंबई गाठ. इथे सगळे इम्प्लांटवर कमिशन खातात.

मणकेश्वर

भिया, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी स्वतः मणक्याचा सर्जन आहे. शिकलो इंदूरात एमजीएम मेडिकल कॉलेजला, सध्या बडोद्याला प्रॅक्टिस. अनुजा, तुमच्या आईचे फोटो (एक्स-रे, एमआरआय) मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांनी काय करावं हे सांगणार नाही. प्रश्न मात्र चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्यूजन स्क्रूमुळे होत नाही. स्क्रू आणि रॉड नुसते धरून ठेवतात. दोन मणक्यांमध्ये जिवंत हाडाचा पूल तयार झाला तरच फ्यूजन. तो झाला नाही तर धातू आज ना उद्या थकतो, स्क्रू ढिला होतो किंवा तुटतो. म्हणून केजच्या आत आणि भोवती हाड भरावं लागतं. पूर्वी ते कमरेच्या हाडातून, म्हणजे इलियाक क्रेस्टमधून काढायचो. अजूनही काढतो.

बीएमपी म्हणजे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन. मार्शल युरिस्ट नावाच्या अमेरिकन ऑर्थोपेडिक सर्जनने १९६५ मध्ये दाखवलं की हाडातला चुना आम्लाने काढून टाकला आणि उरलेला भाग प्राण्याच्या स्नायूत ठेवला, तर तिथे, स्नायूच्या मधोमध, नवं हाड तयार होतं. म्हणजे हाडात असं काहीतरी आहे जे आसपासच्या पेशींना 'हाड व्हा' असा हुकूम सोडतं. १९८८ मध्ये त्याची जनुकं सापडली, मग प्रयोगशाळेत पेशींकडून ते बनवून घेता येऊ लागलं. आज बीएमपी म्हणतात ते बहुतेक वेळा बीएमपी-२. भुकटी पाण्यात मिसळून कोलॅजनच्या स्पंजवर टाकतात आणि स्पंज केजमध्ये किंवा गादीच्या जागेत ठेवतात.

आता गोम अशी की या प्रोटीनला पत्ता कळत नाही. जिथे पोचेल तिथे हुकूम सोडतं. शरीरात ते नॅनोग्रॅममध्ये असतं, स्पंजवर आपण मिलिग्रॅममध्ये टाकतो. मूळ अमेरिकन उत्पादनात दर मिलिलिटरला १.५ मिलिग्रॅम असतं, मोठ्या किटमध्ये एकूण १२ मिलिग्रॅम.

तात्यांच्या पायातली आग याच्याशी जुळते. टीएलआयएफमध्ये आपण मागून, एका बाजूने, गादीच्या भिंतीला खिडकी पाडून आत जातो. त्या खिडकीच्या अगदी लगत नस असते आणि तिचं गँग्लियनही (नसेच्या पेशींचा पुंजका). स्पंज दाबला गेला किंवा खिडकीजवळ राहिला तर द्रव मागे झिरपतो आणि नसेला सूज आणतो. एमआरआयवर दबलेलं काही दिसत नाही, कारण ती रासायनिक सूज असते. याला रॅडिक्युलायटिस म्हणतात. बहुतेकांची उतरते. आणि तोच द्रव तिथे राहिला तर पुढच्या महिन्यांत नसेच्या वाटेवर हाड, तात्यांना दिसलेला कोंब.

अनुजा_रामबाग

डॉक्टरसाहेब, खूप आभार. एक विचारू? छोट्या छेदाच्या ऑपरेशनात हा धोका कमी असतो ना? आम्हाला तसंच वाटलं होतं, सगळंच लहान म्हणून.

मणकेश्वर

छेद लहान असतो तो कातडीला आणि स्नायूंना. त्याचा फायदा खरा आहे: रक्त कमी जातं, स्नायू कमी सोलले जातात, पेशंट लवकर उठतो. पण आत नसेशेजारून जायची वाट तीच.

उलट छोट्या छेदातच बीएमपीचा मोह जास्त होतो. उघड्या ऑपरेशनात मागचा बराच भाग मोकळा असतो, तिथलं हाड खरवडून दोन्ही बाजूंना ग्राफ्ट (भरायचं हाड) पसरता येतो. नळीतून काम करताना तेवढी जागा नसते. मिळतं ते एका बाजूच्या सांध्याचं, म्हणजे फॅसेटचं हाड, आणि थोडं लॅमिनाचं, म्हणजे मणक्याच्या मागच्या कमानीचं. फ्यूजनचा सगळा भार गादीच्या जागेवर येतो. मग सर्जनला वाटतं, हाड कमी आहे, औषधाने भर घालू. विचार चुकीचा नाही. फक्त नळीतून दिसतंही कमी, त्यामुळे जास्तीचा द्रव कुठे गेला हे पाहणं आणि धुवून काढणं कठीण जातं.

आणखी एक त्रास तात्यांना झाला नाही, नशीब. बीएमपी नवं हाड बनवणाऱ्या पेशींना जागं करतं तसंच हाड खाणाऱ्या पेशींनाही. डोस जास्त झाला की पहिले काही आठवडे खाणाऱ्यांचं पारडं जड. मग केजभोवती मणक्यात पोकळी दिसते, ऑस्टिओलायसिस म्हणतात. पुष्कळदा ती पुढे आपोआप भरते. पण तोपर्यंत केज मऊ हाडात बसला किंवा मागे सरकला तर पुन्हा ऑपरेशन. वयस्क बाईत, हाडं आधीच विरळ असतील तर, मला याचीच जास्त काळजी वाटते. शिवाय सीटीवर ती पोकळी इन्फेक्शनसारखी दिसते, आणि बिनकामाचे अँटिबायोटिक सुरू होतात.

न्यूजर्सीची_इंदूरी

माहेर राजेंद्रनगर. इथे क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं काम करते. या औषधाचा इतिहास आमच्या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो, म्हणून लिहिते. अनुजा, तुझ्या भावाने पाठवलेलं सगळंच खोटं नाही, पण क्रम लावून वाचायला हवं.

अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) २००२ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीच्या इन्फ्यूजला, म्हणजे बीएमपी-२ च्या किटला, मंजुरी दिली. कशासाठी? कमरेच्या खालच्या भागात, एकाच पातळीवर (मणक्यांच्या एकाच जोडीत), पोटाच्या बाजूने केलेल्या फ्यूजनसाठी, आणि तेही ठरलेल्या धातूच्या केजसोबत. मागून नाही, मानेत नाही. पण एकदा औषध बाजारात आलं की डॉक्टर दुसऱ्या कामाला वापरू शकतात, त्याला ऑफ-लेबल म्हणतात. ते बेकायदा नाही. थोड्याच वर्षांत बहुतांश वापर ऑफ-लेबल होऊ लागला. तुझ्या आईचं टीएलआयएफ त्या मूळ मंजुरीबाहेरचंच.

मागून वापरलं तर काय होतं याची एक ट्रायल त्याआधीच सुरू झाली होती. सीटीमध्ये मणक्याच्या नळीत हाड दिसायला लागलं आणि नवे पेशंट घेणं थांबवलं. ६७ पेशंटवरच ती राहिली. छापून आली २००४ मध्ये.

जुलै २००८ मध्ये एफडीएने मानेच्या ऑपरेशनाबद्दल जाहीर इशारा दिला. गळ्याला इतकी सूज येत होती की श्वासनलिका दबत होती, काहींना नळी घालावी लागली. ही सूज बहुधा ऑपरेशननंतर २ ते १४ दिवसांत यायची, म्हणजे पेशंट घरी गेल्यावर.

आणि २०११ मध्ये द स्पाइन जर्नलने अख्खा अंक या विषयावर काढला. युजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी कंपनीच्या पैशाने झालेले १३ मूळ अभ्यास पुन्हा तपासले. त्या अभ्यासांत ७८० जणांना बीएमपी दिलं होतं आणि बीएमपीमुळे झालेला त्रास लिहिला होता शून्य. ७८० लोकांना नुसती बँडेज बांधली तरी कुणाला तरी पुरळ येईल! एफडीएच्या कागदांशी ताडून त्यांनी अंदाज मांडला की ऑपरेशनच्या प्रकारानुसार त्रासाचं प्रमाण १० ते ५० टक्के असावं. २०१२ मध्ये अमेरिकन सेनेटच्या अर्थ समितीने अहवाल दिला: १९९६ ते २०१० या काळात त्या लेखांच्या डॉक्टर-लेखकांना कंपनीकडून सुमारे २१ कोटी डॉलर मिळाले होते, आणि लेखांचे मसुदे घडवण्यात कंपनीची माणसं होती.

पोहेजलेबी_भिया

मी काय म्हणत होतो! अमेरिकेत २१ कोटी डॉलर, इथे इंदूरात फाइव्ह स्टार कॉन्फरन्स. चला, धागा संपला.

मणकेश्वर

संपला नाही. इंदूरीताईंनी सांगितलेलं सगळं खरं आहे आणि आमच्या क्षेत्राला ते लाजिरवाणं आहे. पण पुढचा भागही सांगा. त्याच कंपनीने आपला पेशंटनिहाय डेटा येल विद्यापीठाच्या हवाली केला, आणि येलने तो दोन स्वतंत्र गटांना दिला. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. औषध लोक समजतात तसं विष निघालं नाही.

न्यूजर्सीची_इंदूरी

बरोबर, आणि जाहिरातीत होतं तसं अमृतही निघालं नाही. डेटा बाहेर देण्याचं श्रेय कंपनीला द्यायला हवं, त्या काळी कुणी देत नव्हतं. ब्रिटनच्या यॉर्कमधल्या गटाला दिसलं की दोन वर्षांनी एक्स-रे-सीटीवर हाड जुळण्याचं प्रमाण बीएमपीमध्ये सुमारे १२ टक्क्यांनी जास्त. पण माणसाला वाटणारा फरक? रोजच्या हालचालीतला त्रास मोजणारी १०० गुणांची एक मोजपट्टी असते, त्यावर ३.५ गुण. इतका फरक पेशंटला जाणवतही नाही. उलट ऑपरेशननंतरच्या लगेचच्या काळात दुखणं बीएमपीवाल्यांत जास्त.

मला यातलं सगळ्यात बोलकं हेच वाटतं. हाड जुळलेला फोटो सर्जनला हवा असतो, चालता येणं आईला हवं असतं. दोन्ही नेहमी एकत्र येतात असं नाही.

कॅन्सरचं: दोन्ही गटांना बीएमपीच्या बाजूला आकडे थोडे जास्त दिसले, पण मुळात केस इतक्या थोड्या की ठाम काही म्हणता आलं नाही. त्याआधी २०११ मध्ये याच प्रोटीनचा ४० मिलिग्रॅमचा नवा प्रकार एफडीएने याच शंकेवरून मंजूर केला नव्हता. नंतर अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या लाखो नोंदी तपासल्या, त्यात वाढ दिसली नाही. भावाला सांग, कॅन्सरवर झोप घालवू नको, नसेच्या आगीवर आणि डोसवर प्रश्न विचार.

काकू_लोकमान्यनगर

एवढं इंग्रजी डोक्यावरून गेलं, पण ७८० मध्ये शून्य हे मला कळलं. आमच्या भिशीत बारा बायका आहेत आणि कुणाचं ना कुणाचं रोज काहीतरी दुखतं.

शंका_समाधान

मी वेगळाच प्रश्न टाकतो. बीएमपी हवं की नको हे ठरवायच्या आधी, फ्यूजन तरी हवं का? अनुजाच्या आईचं दुखणं चालताना पिंढऱ्या भरण्याचं आहे, म्हणजे नसा दबल्याचं. नुसत्या नसा मोकळ्या केल्या तर?

२०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन ट्रायल आल्या. स्वीडनच्या ट्रायलमध्ये २४७ लोक होते, त्यात नसा मोकळ्या करण्यासोबत फ्यूजन केल्याचा जास्तीचा फायदा दिसला नाही, मणका सरकलेला असो वा नसो. अमेरिकेची ६६ लोकांची होती, तिच्यात फ्यूजनला थोडा फायदा दिसला. पुढे २०२१ मध्ये नॉर्वेची आली, फक्त मणका सरकलेल्या २६७ लोकांवर, आणि त्यात नुसतं डिकंप्रेशन (नसा मोकळ्या करणं) फ्यूजनपेक्षा कमी पडलं नाही.

मणकेश्वर

हा प्रश्न पहिलाच यायला हवा होता. मी स्वतः वाकून आणि मागे रेलून एक्स-रे काढतो. मणका हलतच नसेल, कंबरदुखीपेक्षा पायदुखी जास्त असेल, तर नुसतं डिकंप्रेशन हा खरा पर्याय आहे आणि पेशंटसमोर मांडलाच पाहिजे. पण हालचाल स्पष्ट दिसत असेल, उठता-बसता कंबर लचकत असेल, किंवा नस मोकळी करताना सांधा जवळपास सगळाच काढावा लागणार असेल, तर मी फ्यूजनकडे झुकतो. नॉर्वेच्या ट्रायलचा दाखला देऊन सगळ्यांचं फ्यूजन टाळणंही बरोबर नाही.

अनुजा, आईचे डायनॅमिक एक्स-रे झालेत का? डेक्सा, म्हणजे हाडांच्या घनतेची तपासणी? व्हिटॅमिन डी? एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर?

अनुजा_रामबाग

डायनॅमिक एक्स-रे झालेत, मणका हलतोय असं रिपोर्टमध्ये आहे. कंबरही लचकते, सकाळी अंथरुणातून उठताना बाबांना हात द्यावा लागतो. डेक्सा नाही झालं. व्हिटॅमिन डी नाही. एचबीए१सी ८.४.

मणकेश्वर

मग बीएमपीच्या आधी हे आवरा. ८.४ वर घाईचं नसलेलं ऑपरेशन मी करणार नाही. साखर जास्त असली की इन्फेक्शन वाढतं आणि हाड जुळायला अडतं. डी कमी असेल तर भरून काढा. हाडं विरळ निघाली तर त्याचा उपचार आधी सुरू करा. घरात कुणी तंबाखू घेत असेल तर आईला त्यापासून लांब ठेवा (त्या घेत नाहीत हे गृहीत धरतो, माळव्यात सुपारीच्या डब्याचा भरवसा नाही). हे सगळं नीट केलं तर एका पातळीचं फ्यूजन स्वतःच्या हाडावर बऱ्यापैकी जुळतं.

सर्जनना भेटाल तेव्हा भांडायला जाऊ नका. एवढंच विचारा: गादीत भरायचं हाड कुठून येणार? सांध्याचं हाड पुरेल का? कमी पडलं तर त्याच बाजूने कमरेच्या हाडातून थोडं घेता येईल का? त्या जागी नंतर दुखतं हे खरं, पण बीएमपीच्या जाहिरातींत त्याची भीती फार रंगवली गेली. शिवाय बोन बँकेचं हाड आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून विकिरणाने निर्जंतुक केलेले ग्राफ्ट तयार करते. सिरॅमिकचे दाणेही मिळतात. ते हाडाला हुकूम देत नाहीत, पण आपल्या हाडात मिसळून भर म्हणून चालतात.

आणि त्यांना बीएमपी लावायचंच असेल, तर किती मिलिग्रॅम आणि कुठे? ऐकायला बरं वाटेल असं उत्तर: लहान डोस, द्रव स्पंजमध्ये नीट मुरू द्यायला पंधरा मिनिटं थांबणार, स्पंज केजच्या पुढच्या बाजूला, नसेपासून लांब, खिडकीजवळ काही नाही, शेवटी धुणार. "पूर्ण किट आहे, पूर्ण वापरू" असं ऐकलं तर मी दुसरं मत घेईन.

तात्या_नवलखा

मला यातलं एक वाक्य जरी आधी कळलं असतं! डॉक्टरसाहेब, मग तुम्ही बीएमपी कधी वापरता? की वापरतच नाही?

मणकेश्वर

वापरतो. आधीचं फ्यूजन फसलंय, कमरेचं हाड दोन्हीकडून काढून झालंय, पेशंट विड्या सोडायला तयार नाही, बऱ्याच पातळ्यांचं लांब ऑपरेशन आहे. तिथे हाड न जुळण्याचा धोका औषधाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. पहिल्यांदाच होणाऱ्या, एका पातळीच्या ऑपरेशनात मला गरज वाटत नाही. माझे काही मित्र लहान डोसमध्ये नेमाने वापरतात, त्यांचे निकालही वाईट नाहीत. यावर आमच्यात जेवणाच्या टेबलावर जोरात वाद होतात.

कुठे अजिबात नको तेही लिहून ठेवतो: गाठ किंवा कॅन्सर असेल वा होऊन गेला असेल, गरोदरपण, तिथे चालू इन्फेक्शन, वाढतं वय असलेली मुलं. पोटाच्या बाजूने करायचं असेल तर पुरुषांनी आणखी एक विचारावं, संकोच न करता. २०११ च्याच एका अभ्यासात बीएमपी लावलेल्या पुरुषांत वीर्य बाहेर न येता उलटं मूत्राशयात जाण्याचं प्रमाण ७.२ टक्के होतं, न लावलेल्यांत ०.६. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, पण मूल हवं असलेल्या तरुणाला हे आधी सांगायलाच हवं.

विमावाली_पलासिया

इन्शुरन्सचं कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. बीएमपीसारखी ओळ कॅशलेसमध्ये अडकू शकते. प्री-ऑथ, म्हणजे आधीच्या मंजुरीचा अर्ज, पाठवताना एस्टिमेटमध्ये ती वेगळी दाखवून, नाकारली तर आपल्याला किती भरावं लागेल ते लेखी घ्या. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर वाद घालून काही मिळत नाही, नुसतं जेवण थंड होतं.

अनुजा_रामबाग

मंडळी, अपडेट. सर्जनना भेटून आलो, बाबा आणि भाऊ दोघंही सोबत. यादी बघून आधी जरा हसले, मग खुर्ची पुढे ओढून अर्धा तास बोलले. मोठ्या किटचाच विचार होता म्हणाले, कारण स्टोअरमध्ये तोच असतो. हाड कुठून आणणार विचारल्यावर म्हणाले की तुम्ही तयार असाल तर सांध्याचं हाड आणि त्याच छेदातून कमरेचं थोडं, एवढ्यावर करू. ती ओळ एस्टिमेटमधून काढली. नुसत्या डिकंप्रेशनचंही विचारलं, त्यांनी आम्हाला फोटो लावून मणका किती हलतो ते दाखवलं. ते पटलं.

एचबीए१सीवर मात्र बोलणी खाल्ली. ७.५ च्या खाली आणा, तोवर तारीख नाही. डेक्सा लिहून दिलं. आता गणपतीनंतरच बघू. आई खूश, गौरी घरी बसवता येतील म्हणून. बाबांनी आजपासून जलेबी घरात आणायची नाही असं जाहीर केलंय, आणि काकू, तुमचे लाडूही बंद!

काकू_लोकमान्यनगर

बिनसाखरेचे करून पाठवते. डिंक सोडायचा नाही.

वाचक_महूनाका

धागा उशिरा वाचला. वडिलांना मागच्या महिन्यात हेच ऑपरेशन झालं आणि बिलात बीएमपी आहे. आता काय करू? त्यांना सध्या काहीच त्रास नाही.

मणकेश्वर

त्रास नाही तर घाबरू नका, आणि त्यांना हा धागा वाचायला देऊ नका. लावलेलं औषध परत काढता येत नाही, गरजही नसते. बहुतेकांना काही होत नाही. लक्ष एवढंच ठेवा: बरं वाटून गेल्यावर नव्याने पायात आग किंवा कळ सुरू झाली, तर 'ऑपरेशनचं दुखणं' म्हणून घरी थांबू नका, सर्जनना कळवा. पाऊल उचलता येईना, लघवी अडली किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी इमर्जन्सीत. ताप किंवा जखमेतून पाणी आलं तरी लगेच. सीटीमध्ये केजभोवती पोकळी दिसली तर रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरला बीएमपी लावल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर तो इन्फेक्शन लिहून मोकळा होईल. हाड जुळलं की नाही ते साधारण वर्षाच्या सीटीवर ठरतं. तात्यांनी सांगितलेले स्टिकर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून अजूनही मिळतील, उद्याच अर्ज करा.